तीन टक्के वाचवले आणि ३,६६५ डॉलर घालवले

बोगस क्लब काढून आमचे पैसे घेऊन गायब झालेल्या सॉकर ट्रेनरचं नाव लिहीत नाही. ओळखीतल्या वकिलाने बजावलंय, नाव टाकलंस तर उलट तोच तुझ्यावर दावा ठोकेल. म्हणजे पैसे आमचे गेले आणि तोंडही आम्हीच मिटून बसायचं. असो. न्यू जर्सीत मुलगी ट्रॅव्हल सॉकर, म्हणजे गावोगावी जाऊन सामने खेळणाऱ्या क्लबात, खेळत असेल तर हे पूर्ण वाचा, आणि नवऱ्यालाही वाचायला लावा.

ट्रॅव्हलचा कारभार कसा चालतो हे इथल्यांना सांगायला नको. मे महिन्यात ट्रायआउट, मग ईमेल, मग ‘४८ तासांत कमिट करा’, आणि पुढे वर्षभर शनिवार-रविवार कुठल्यातरी टर्फच्या कडेला फोल्डिंग खुर्ची टाकून बसायचं. फी दोन-तीन हजार डॉलर, किट वेगळं, हॉटेलं वेगळी. खरा क्लब आणि बोगस क्लब सुरुवातीला अगदी सारखेच वागतात. तीच घाई, तेच ‘नॉन-रिफंडेबल’. त्यामुळे ‘तुला कळलं कसं नाही?’ असं विचारणाऱ्यांनी आधी आपापल्या क्लबचा फॉर्म काढून वाचावा.

हा माणूस रस्त्यावरचा नव्हता. आमच्याच गावच्या क्लबात पगारी ट्रेनर होता. मुलींना नावानिशी ओळखायचा, कुणाचा घोटा दुखतो, कुणाला डावा पाय वापरायची भीती वाटते, सगळं त्याला पाठ. आणि या वेळी त्याला निमित्तही आयतं मिळालं. २०२६-२७ च्या हंगामापासून वयोगट जन्मसालाऐवजी १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे धरायचे ठरले. माझी मुलगी ऑक्टोबर २०१३ ची. आतापर्यंत २०१३ च्या टीममधली धाकटी. नव्या हिशोबात जानेवारी ते जुलैमध्ये जन्मलेल्या तिच्या मैत्रिणी वरच्या गटात राहणार आणि ही खालच्या गटात जाणार. इतकी वर्षं एकत्र खेळलेली टीम मधोमध चिरली जाणार म्हणून घरोघरी रडारड. अशा वेळी हा आला आणि म्हणाला, ‘मी स्वतःचा क्लब काढतोय, धाकट्यांना वर खेळवतो, टीम मोडणार नाही.’ वरच्या गटात खेळवता येतं, ते नियमात बसतं, मी पाहून ठेवलं होतं. म्हणजे डोळे मिटून कुणी गेलं नव्हतं.

वर ‘ईसीएनएल पाथवे’ हे शब्द. ईसीएनएल ही मुलींसाठी २००९ साली निघालेली लीग, त्यात कुठला क्लब घ्यायचा ते लीग ठरवते. कालपरवा काढलेल्या क्लबने ‘पाथवे’, म्हणजे तिथवर पोचायची वाट, म्हटलं तर त्याला कसलाच अर्थ नाही, तो शब्द कुणीही छापू शकतो. आणि ‘फ्लोरिडाच्या शोकेसला कॉलेजचे कोच येतील’ असं बारा वर्षांच्या पोरीच्या आईला कुणी सांगितलं तर तिथेच उठून या. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, कोचला दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलीशी भरतीबद्दल बोलताच येत नाही. तोवर माझ्या पोरीचं त्यांना काय करायचंय?

आता पैसे. कमिटमेंट फी ५०० डॉलर. हंगामाची फी २,४००, एकदम भरली तर १० टक्के सूट, म्हणून २,१६०. किट ३६५. लेबर डेच्या टूर्नामेंटचं हॉटेल आणि टीम फी मिळून ६४०. एकूण ३,६६५. अशी अकरा कुटुंबं.

आणि इथेच ती गोष्ट, जी आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. मी विचारलं होतं, क्रेडिट कार्ड चालेल का? म्हणाला, चालेल, पण ३ टक्के जास्त लागतील. २,१६० वर ६४ डॉलर ८० सेंट. नवरा म्हणाला, कशाला उगाच, झेल कर, म्हणजे बँकेच्या ॲपमधून फोन नंबरवर थेट पैसे पाठव. ट्रेनरने दिलेला फोन नंबर मी टाकला. स्क्रीनवर क्लबचं नाव यायला हवं होतं, आलं एका बाईचं. खाली प्रश्न, या व्यक्तीला ओळखता ना, नाव बरोबर आहे ना? मी बघितलं. नीट वाचलं. वाटलं, बायको असेल, हिशोब ती बघत असेल. रात्री नऊपर्यंतची मुदत होती, पावणेनऊ झाले होते, पोरगी शेजारी उभी राहून ‘आई, गेले का?’ विचारत होती. दाबलं बटण. पुढचे सगळे पैसे त्याच नावावर गेले.

आणि का जाऊ नयेत? तबल्याच्या सरांना झेल, भरतनाट्यमच्या ताईंना झेल, मंडळाच्या गणपतीच्या जेवणाची तिकिटंसुद्धा खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर झेल. आपल्याकडे सगळा व्यवहार असाच चालतो. पण कार्ड असतं तर ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून डिस्प्यूट टाकता आला असता. ती ३ टक्के म्हणजे विम्याचा हप्ता समजा आणि गुमान भरा. कार्ड घेतच नाही असं म्हणणाऱ्या क्लबात मूल घालू नका.

जूनमध्ये सराव झाले, तेही मोजके. किटच्या मापांचा दिवस मला लख्ख आठवतो. पार्किंग लॉटमध्ये त्याच्या गाडीची डिकी उघडी, त्यात सॅम्पलच्या तीन जर्सी, लेबल न काढलेल्या. मुली टी-शर्टवरूनच त्या चढवून बघत होत्या आणि हा क्लिपबोर्डवर मार्करने नाव, साइझ, नंबर लिहून घेत होता. सात नंबरवरून दोन पोरींचं वाजलं, तर त्याने नाणं उडवून निकाल लावला. इतका तपशील कोण रंगवतं हो, जर्सी शिवायच्याच नसतील तर?

मग पावसामुळे सराव रद्द. मग किट कस्टम्समध्ये अडकलं. ऑगस्टमध्ये टूर्नामेंटचं वेळापत्रक लागलं, त्यात आमची टीम नाही. म्हणाला, वेटलिस्टवर आहोत. माझ्या मैत्रिणीने सरळ हॉटेलला फोन लावला, तिथे आमच्या टीमच्या नावाने एकही खोली नव्हती. संध्याकाळपर्यंत ग्रुप उडाला, फोन बंद.

आता सरकारदरबारची गंमत ऐका. बँकेत गेले. ‘मॅडम, पैसे तुम्हीच पाठवलेत, अनधिकृत व्यवहार नाही.’ चोराने माझा पासवर्ड चोरला असता तर बँक धावून आली असती, गोड बोलून माझ्याच हाताने काढून घेतले तर माझं मी बघायचं! पोलिसांनी ऐकून घेतलं आणि ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून वाटेला लावलं. अकरा घरांचे मिळून चाळीस हजारांच्या वर जातात, तरी दिवाणी? त्यावर उत्तर, प्रत्येकाने आपापली तक्रार वेगळी द्या. राज्याच्या सॉकर संघटनेत फोन केला, तर ‘हा क्लब आमचा सदस्यच नाही, आम्ही काय करणार?’ अहो, सदस्य नाही हाच तर गुन्हा! एफबीआयच्या आयसी३ या साइटवर तक्रार भरली, एक क्रमांक आला, त्यापुढे शांतता. राज्याच्या ग्राहक खात्याने त्याच्या पत्त्यावर पत्र पाठवलं आणि ते परत आलं असं मलाच पत्राने कळवलं. पत्ता म्हणजे दुकानातली भाड्याची टपालपेटी. जुन्या क्लबने तर कमालच केली. हा त्यांचा ट्रेनर, त्यांच्याच मैदानावर आमच्याशी बोलला, आणि आता म्हणतात, ‘तुम्ही आम्हाला सोडून गेलात.’ रोस्टर भरलंय, पोरीला जागा नाही. शनिवारी सकाळी ती घरात असते आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

स्मॉल क्लेम्स कोर्ट उरलंय. न्यू जर्सीत तिथे ५,००० डॉलरपर्यंतचा दावा चालतो, एका प्रतिवादीसाठी फी ३५ डॉलर, वकील लागत नाही. पण समन्स बजावायला माणसाचा खरा पत्ता लागतो, तो शोधायचा आम्हीच. तुमच्या ट्रेनरच्या गाडीचा नंबर, घराचा पत्ता, काहीतरी आजच लिहून ठेवा. हसू नका.

राज्याच्या साइटवर कंपनीचं नाव फुकट शोधता येतं, दोन मिनिटांचं काम. आमच्या ‘क्लब’च्या नावाची कंपनीच नव्हती. राज्य संघटनेला पैसे भरण्याआधी फोन करा, नंतर केलात तर ते माझ्यासारखंच तुम्हालाही उत्तर देतील. मैदानाचा परवाना कुणाच्या नावावर आहे ते गावच्या रिक्रिएशन ऑफिसात विचारा, विम्याचा कागद मागा. खरा क्लब चिडत नाही, लगेच पाठवतो. हंगामाची फी एकदम भरू नका, सूट कितीही असो. नव्या क्लबकडून तुमच्या मुलीची नोंदणी झाल्याचं दिसेपर्यंत जुनी जागा सोडू नका. सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळात मुलांना अत्याचारापासून जपण्याचं, प्रशिक्षण झालंय का विचारा. आमच्यातल्या एकीने विचारलं होतं, तेव्हा हा म्हणाला, ‘रिन्यूअल चालू आहे’, आणि आम्हीच तिला गप्प केलं, उगाच माणूस दुखावेल म्हणून.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काउंटीतल्या एका मराठी ताईंनी मला एक पत्रक पाठवलं. मुलींचा नवा क्लब, हिवाळ्यातलं इनडोअर ट्रेनिंग, ‘जागा मर्यादित’. क्लबचं नाव वेगळं, झेलचा नंबर तोच. मी त्या गावच्या ऑफिसात फोन करून सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, जिम त्यांनी वैयक्तिक नावावर घेतलीय, भाडं आगाऊ भरलंय, आमच्या बाजूने काही अडचण नाही. भाडं कुणाच्या पैशांतून भरलं असेल ते मला विचारा.