जानेवारीच्या रिसेप्शनला भोगीची भाजी की पोपटी?

थंडीतल्या समारंभात पनीरऐवजी हंगाम दिसावा असं वाटलं, की माझ्या मनात हे दोनच पदार्थ येतात.

रायगडची पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा, मीठ; मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंबही नाही. पाहुण्यांसमोर ते उघडल्यावर येणारा वास कुठल्याही सजावटीपेक्षा मोठा. पण हॉलमध्ये जाळ करता येत नाही, आणि पैठणी नेसून शेंगा सोलणं अवघडच.

भोगीची भाजी ताटात फार देखणी दिसू शकते. फक्त सगळं एकत्र शिजवून तपकिरी होऊ द्यायचं नाही. वांगी, पावटे तिळाच्या कुटाच्या दाट रश्शात शिजवा. गाजर आणि सोलाणे वेगळे वाफवून वाढताना वर ठेवा, म्हणजे केशरी-हिरवा रंग टिकतो. बोरं मोजकीच. सोबत तळहाताएवढी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ती गार झाली की कडक होते, म्हणून केटररकडे तव्यावरून थेट वाढण्याचाच आग्रह धरा.

बसून जेवण असेल, तर मी भोगीची भाजीच निवडेन. मोकळं लॉन आणि संध्याकाळ असेल, तर सुरुवातीला पोपटी.