‘आस्क’ची नोंद आणि एक चांगला व्युत्पत्तिकोश

व्युत्पत्तिकोश पारखायचा असेल, तर दुर्मीळ शब्दापेक्षा रोजच्या वापरातला शब्द अधिक कामाचा ठरतो. म्हणून डग्लस हार्पर यांनी संकलित केलेल्या ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ या विनामूल्य संकेतस्थळाचे परीक्षण मी ‘आस्क’ या इंग्रजी क्रियापदाच्या नोंदीवरून करीत आहे.

उत्तर मागणे आणि विनंती करणे हे या क्रियापदाचे दोन्ही अर्थ जुन्या इंग्रजीतील ‘आस्कियन’पासूनचेच आहेत, हे नोंद आरंभीच सांगते. तेथून ती ‘मागणी करणे’ या अर्थाच्या जर्मन ‘हायशेन’कडे आणि मग इच्छा दर्शविणाऱ्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूकडे जाते, ज्याच्या वंशजांत संस्कृत ‘इच्छति’ही आहे. म्हणजे आपली ‘इच्छा’ आणि इंग्रजांचे ‘आस्क’ एकाच कुळातले! नोंदीचा सर्वांत मोलाचा भाग मात्र शेवटी येतो. निव्वळ प्रश्न विचारण्यासाठी जुन्या इंग्रजीत ‘फ्रिग्नन’ हे वेगळे क्रियापद होते आणि त्याचा धातू संस्कृत ‘पृच्छति’ व ‘प्रश्न’ यांचाच आहे. इंग्रजीने पृच्छेचे ते क्रियापद गमावले आणि इच्छेच्या कुळातल्या शब्दावर दोन्ही कामे सोपवली. एवढा मोठा इतिहास इतक्या थोड्या जागेत मांडणे ही संपादकाची खरी कामगिरी आहे.

‘आस्क’च्या ‘आक्स’ या उच्चाराबाबत मात्र नोंद फारच हात आखडता घेते. अनेकजण ज्याला अशिक्षितपणाचे लक्षण मानतात, ते रूप जुन्या इंग्रजीइतकेच जुने असून साधारण 1600पर्यंत ग्रंथांतही मान्य होते, हे ती सांगते, पण उदाहरण देत नाही. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याच्या लेखनात आणि 1535च्या कव्हरडेल बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, हे रूप आढळते. त्यांतली एखादी ओळ उद्धृत केली असती, तर आजही त्या उच्चारावरून हिणवल्या जाणाऱ्या माणसांची बाजू भक्कम झाली असती.

अवतरणांसह शब्दाचा कालक्रम हवा असणाऱ्यांनी ऑक्सफर्डचा बृहत्कोशच पाहावा. शिक्षक, भाषांतरकार आणि जिज्ञासू वाचक यांनी मात्र सुरुवात निःशंकपणे या संकेतस्थळापासून करावी, आणि ‘आस्क’नंतर ‘प्रे’ (प्रार्थना करणे) या क्रियापदाची नोंद अवश्य उघडावी, कारण प्रश्नाच्या धातूची पुढची हकिगत तेथे आहे.