देवपुरातला रविवारचा इतिहासाचा क्लास: नोट्स तपासून घ्या, शिकवणं मात्र ऐकाच

धुळ्याला देवपुरात राज्यसेवावाल्यांसाठी रविवारी जगाच्या इतिहासाची बॅच चालते. मी शिरपूरहून एसटीने येते. दोन महायुद्धांमधली जर्मनी नुकतीच शिकवून झाली, म्हणून लिहितेय.

बाकी ठिकाणी हा भाग एका ओळीत उरकतात: व्हर्सायचा तह जाचक, म्हणून हिटलर आला. इथे सरांनी आधी पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीवर लादलेला हा तह नीट उलगडला. 28 जून 1919, कलम 231 ने युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या दोस्तांच्या माथी, सैन्य एक लाखावर, अल्सेस-लोरेन फ्रान्सकडे. जर्मनीने द्यायची युद्धाची भरपाई थकली म्हणून जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स-बेल्जियमचं सैन्य रुर या जर्मन औद्योगिक भागात घुसलं. जर्मन चलन मार्क कोसळलं, नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क! ती शून्यं मांडता मांडता फळा संपला.

मग त्यांनी खाली लिहिलं: 1928, नाझींना (हिटलरच्या पक्षाला) 2.6 टक्के मतं. आणि थेट अहिराणीत विचारलं, "तह तोच व्हता, मंग 1928 मा काबर नही?" कोणालाच उत्तर आलं नाही. कर्ज मिळत होतं, कामधंदा सुरू होता, तोवर लोक त्या पक्षाला विचारत नव्हते. 1929 ची मंदी आली, बेकार साठ लाखांवर गेले आणि जुलै 1932 ला तीच मतं 37.3 टक्के झाली.

पण लोकांचा राग नाझींच्या बाजूनेच का वळला? सप्टेंबर 1918 मध्ये युद्ध थांबवा म्हणून घाई खुद्द सेनापती लुडेनडॉर्फने केली होती. खापर फुटलं सही करणाऱ्यांवर. युद्धबंदीवर सही करणाऱ्या एर्झबर्गरला 1921 मध्ये गोळ्या घातल्या. 'घरभेद्यांनी पाठीत खंजीर खुपसला' हे खोटं वर्षानुवर्षं लोकांत मुरत राहिलं. हा धागा सरांनी इतका तळमळीने उलगडला की मला वही बंद करून नुसतं ऐकावंसं वाटलं.

एक गोष्ट राहिली. जुलै 1932 च्या लोझान परिषदेत भरपाई जवळजवळ संपलीच होती, हिटलर चॅन्सेलर (सरकारप्रमुख) झाला 30 जानेवारी 1933 ला. हे सांगितलं असतं तर नुसत्या तहामुळे हिटलर आला नाही हा मुद्दा आणखी पक्का झाला असता.

छापील नोट्स मात्र निष्काळजी आहेत. भरपाई '132 कोटी मार्क' छापलीय. 1921 ला ठरलेली रक्कम 132 अब्ज सुवर्ण मार्क होती. परीक्षेत असा आकडा लिहिला तर गुण जातील. शिवाय वर पत्रा आहे, एप्रिलमध्ये दुपारची बॅच घेऊ नका, सकाळची घ्या.