झोपताना घालायच्या इअरफोनच्या नावाखाली 1,698 रुपये गेले, तुम्ही तरी सावध व्हा

आधी रक्कम सांगते. 1,499 इअरफोनचे आणि वर 199 'रिटर्न पिकअप'चे, एकूण 1,698 रुपये. रक्कम छोटी आहे, सोडून दे, असं सगळे म्हणतायत आणि त्याचाच मला जास्त संताप येतोय.

स्वस्तातली हाव होती असं कुणी म्हणू नका. माझी नाईट ड्युटी असते, सकाळी घरी येऊन झोपायचं तर समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू, दिवसभर ब्रेकर. मी कुशीवर झोपते, आणि साधे इअरबड घालून कुशीवर झोपलं की दांडी उशीला लागून कान ठणकायला लागतो. म्हणून कानात पूर्ण बसणारे, बाहेर काहीच न येणारे, मऊ सिलिकॉनचे बघत होते. नावाजलेल्या कंपन्यांचे परवडणारे नव्हते. तेवढ्यात इन्स्टावर जाहिरात आली, बाई कान उशीवर टेकवून झोपलीय, बड दिसतसुद्धा नाही, 4,999 चे 1,499, सात दिवसांत रिटर्न, कॅश ऑन डिलिव्हरी. आधी पैसे मागितले असते तर मी घेतलेच नसते! हे त्या लोकांना बरोब्बर माहीत असतं.

आता तो क्षण, जो माझ्या डोक्यातून जात नाहीये. पार्सल हातात होतं. लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव वेबसाइटपेक्षा वेगळंच, पत्त्याच्या जागी नुसतं शहर आणि पिनकोड, आणि वस्तूच्या नावापुढे 'होम युटिलिटी'. इअरफोन आणि होम युटिलिटी? मी ते वाचलं, खरंच वाचलं. पण रात्रभर जागून आलेली, डिलिव्हरीवाला जिन्यात घाईत उभा, मॅडम ओटीपी सांगा, उघडून बघू म्हटलं तर म्हणाला आधी पेमेंट. त्याच्या क्यूआरवर 1,499 टाकले. नाव जुळत नसेल तर पार्सल घेऊच नका, सरळ परत पाठवा, घेईपर्यंतच तुमच्या हातात काहीतरी असतं.

आत काय, तर लांब दांडीचे, कडक प्लॅस्टिकचे इअरबड, एकाची रबरी टिप गायब. डब्यावर एमआरपी नाही, कोणी आयात केलं त्याचं नाव-पत्ता नाही, बीआयएसचा आर-नंबर (इलेक्ट्रॉनिक वस्तूवरचा सरकारी नोंदणी क्रमांक) नाही. मग जाहिरातीतला फोटो गुगल लेन्सवर (फोटो टाकून तो मूळ कुठला ते शोधता येतं) टाकला तर तो बोस कंपनीच्या, झोपताना घालायच्या स्लीपबड्सचा निघाला. त्यांच्यात फोनवरची गाणी वाजतच नाहीत, फक्त त्यांच्या ॲपमधले पावसा-समुद्राचे आवाज, आणि ही वेबसाइट म्हणत होती रात्रभर गाणी ऐका. बोसने पहिले स्लीपबड्स 2019 मध्ये बॅटरीच्या तक्रारींमुळे बंद केले तेव्हा लोकांना पूर्ण पैसे परत दिले होते. फोटो चोरला त्यांचा आणि वागणूक ही. ऑर्डरच्या आधी फोटो लेन्सवर टाका, एक मिनिट लागतं.

रिटर्नसाठी व्हॉट्सॲप केलं तर लगेच उत्तर, एकदम नम्र. पिकअपचे 199 भरा, रिफंडमध्ये जोडून मिळतील. भरले, कारण माझे 1,499 अडकले होते, कुणीही भरले असते. त्यानंतर ब्लॉक. परत घ्यायला जो आधी पैसे मागतो तो परत घेणार नसतो.

आता तक्रारीचं ऐका. कुरिअरला त्याच दिवशी फोन केला, की कॅशचे पैसे तुम्ही विक्रेत्याला लगेच देत नाही, काही दिवसांनी देता, म्हणजे ते अजून तुमच्याकडेच आहेत, थांबवा. तर आमचं काम फक्त डिलिव्हरी. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला लावलं, त्यांनी यूटीआर, म्हणजे पेमेंटचा व्यवहार क्रमांक मागितला, दिला, तर 1,499 चा यूटीआर कुरिअरच्या खात्यावर जातो, चोरापर्यंत पोचतच नाही! पोलीस स्टेशनमध्ये साहेबांनी मान वर न करता विचारलं, इअरफोन? आणि ऑनलाइन टाका म्हणून सांगितलं. ऑनलाइनच टाकली होती, तिचीच प्रिंट माझ्या हातात होती. 1915 ला ग्राहक हेल्पलाइनवर कंपनीचा पत्ता विचारतात. अहो, पत्ता असता तर मी स्वतः गेले नसते का? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याचं नाव, पत्ता, तक्रार अधिकारी सगळं दाखवायचं बंधन आहे, मग ते न दाखवणाऱ्याची जाहिरात चालते कशी आणि पार्सल उचललं कसं जातं, याला कुणाकडेच उत्तर नाही. तक्रारीचा मेसेज आला, 'क्लोज्ड'. माझे पैसे कुठे आहेत ते लिहिलं नव्हतं.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, लेबल फाडू नका, माझ्याकडे लेबल आहे म्हणून तर कुरिअरचं नाव आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, मी आता कुरिअरलाही त्यात ओढणार आहे.

तीच जाहिरात, तोच व्हिडिओ, आता दुसऱ्या नावाने 1,299 ला चालू आहे. डोंबिवली-कल्याणकडे कुणाला 'होम युटिलिटी' लिहिलेलं असं पार्सल आलं असेल तर लेबलचा फोटो मला पाठवा, एकत्र तक्रार टाकू.