चाकं न काढताच केलेलं सिरॅमिक कोटिंग

सोलापुरात कुणी अलॉय व्हील आणि ब्रेक कॅलिपरला (चाकामागे पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग) सिरॅमिक कोटिंग, म्हणजे धूळ-पाणी चिकटू न देणारा पातळ कडक थर, करून घेणार असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. माझे ९,५०० रुपये गेले, आणि ब्रेकशी जीवघेणा खेळ झाला तो वेगळाच.

पावसाळा संपता संपता होटगी रोडच्या बाजूच्या एका डिटेलिंगवाल्याकडे (गाडीची बारीक सफाई-पॉलिश करणारा) गाडी दिली. त्याने एका चाकावर काहीतरी फवारून वर पाणी ओतून दाखवलं. थेंब मोत्यासारखे घरंगळले. ‘मालक, नऊ एच आहे, दोन वर्षं बघायला नको,’ म्हणाला. नऊ एच म्हणजे थराच्या कठीणपणाचा आकडा. मला ते पटलं. सकाळी ११ला दिलेली गाडी दुपारी २ला परत मिळाली, चाकं नव्यासारखी चकाकत होती. बिलाच्या नावाखाली एक चिठ्ठी दिली, त्यावर नुसतं ‘व्हील ट्रीटमेंट’ लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन अक्कलकोटला दर्शनाला निघालो. सात रस्त्याला ब्रेक दाबला, तर गाडी नेहमीच्या जागी थांबलीच नाही. पुढच्या रिक्षापासून हातभर अंतरावर कशीबशी उभी राहिली. पुढच्या चाकातून किर्रर्र आवाज, वर जळका वास. आईने सीट घट्ट धरली होती. मी दर्शन रद्द केलं आणि हळूहळू नेहमीच्या मेकॅनिककडे गाडी नेली.

त्याने चाक काढलं आणि मला खाली बसवून दाखवलं. चाकाच्या आतल्या बाजूला मोहोळच्या शेतातली काळी माती जशीच्या तशी वाळलेली. नखाने खरवडली तर खपली निघाली, खाली ब्रेकच्या धुळीचा काळा थर. कॅलिपर स्पोकमधून दिसतो तेवढाच चमकत होता, मागून धुळीने माखलेला. म्हणजे चाकं काढलीच नव्हती. बाहेरून सिलिकॉनचा चमक आणणारा स्प्रे मारला होता, आणि तोच डिस्कवर, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला आवळून चाक थांबवतात त्या चकतीवर, उडाला होता. डिस्कवर बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. डिस्क ब्रेक क्लीनरने धुतल्या, पुढचे पॅड बदलावे लागले.

तो थेंबांचा खेळ मेणाच्या साध्या पॉलिशनेही होतो. शॅम्पूने दोन-चारदा धुतलं की चमक गेली. जाब विचारायला गेलो तर म्हणे, ‘तुम्ही बोअरचं खारं पाणी वापरलं, वॉरंटी गेली.’ आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, बोअरशिवाय गाडी धुणार कशाने? खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग पडतात हे खरं, पण कोटिंग दोन-चार धुण्यांत उडून जात नाही.

नंतर दुसऱ्या एका ठिकाणी खरं काम उभं राहून पाहिलं. गाडी स्टँडवर चढवून चारही चाकं उतरवली. ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे गरम कण असतात, ते वार्निशात रुततात. त्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे हे कण विरघळवणारं द्रावण, मारलं की जांभळे ओघळ सुटतात. मग क्ले (उरलेली रुतलेली घाण उचलणारी मऊ वडी), गरजेपुरतं पॉलिश, तेलाचा अंश काढणारं द्रावण, आणि शेवटी बोटभर बाटलीतलं कोटिंग पातळ हाताने. डिस्क आणि पॅडला त्यांनी थेंबसुद्धा लागू दिला नाही. गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिली, वर आठवडाभर शॅम्पू लावू नका म्हणून बजावलं.

त्यामुळे तीन तासांत चार चाकं करून देतो म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा आणि ती चाकांसाठीचीच आहे का, किती तापमान सोसते, ते वाचा. बॉडीचं कोटिंग कॅलिपरच्या उष्णतेत टिकेलच असं नाही. नऊ एच हा पेन्सिलने मोजलेला कठीणपणा असतो, दगड लागला किंवा फुटपाथला घासलं तर चाकावर ओरखडा येणारच. चाकं काढलेली असतानाचे फोटो मागा, आणि जीएसटी बिलावर उत्पादनाचं नाव व वॉरंटीच्या अटी लिहून घ्या.

माझ्याकडे ती चिठ्ठी, मेकॅनिकचं बिल आणि त्या काळ्या मातीचे फोटो आहेत. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.