गुडघेदुखीसाठी रबरी मसाज बॉल: दाबायचं मांडीत

लोकलचे जिने उतरताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणाऱ्यांसाठी साधा, भरीव रबरी बॉल (साधारण साडेसहा सेंटीमीटर व्यासाचा) पुरेसा आहे. काटेरी बॉल घेऊ नका, तो त्वचेला टोचतो आणि दाब खोल जात नाही. टेनिस बॉल चेपतो, पण पहिले काही दिवस नवख्यांना तोच बरा.

वाटीच्या पुढची वेदना बऱ्याचदा मांडीच्या पुढच्या स्नायूतल्या गाठीतून (आखडलेल्या, दाबल्यावर दुखणाऱ्या जागेतून) येते, आणि ती गाठ असते पार वर, जांघेच्या जवळ. म्हणून नुसता गुडघा चोळून फरक पडत नाही. आतल्या बाजूला दुखत असेल तर वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या फुगीर भागात चाचपा. चटईवर पालथं झोपा, बॉल मांडीखाली घ्या, दुखरी जागा सापडली की तिथेच ३० ते ४५ सेकंद थांबा. दहा म्हणजे असह्य धरलं, तर दाब सहाइतका. श्वास अडकला तर दाब जास्त झाला. मग गुडघा पाचसहा वेळा सावकाश वाकवा.

गुळगुळीत लाद्यांवर बॉल निसटतो, ही त्याची खरी उणीव. मोज्यात घालून वापरला की प्रश्न मिटतो.

गुडघ्याच्या मागच्या खळग्यात मात्र कधीच दाबू नका, तिथून रक्तवाहिन्या आणि नसा जातात. पोटरी सुजलेली, गरम असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर. झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं मऊ आवरण) बॉलने भरून येत नाही, त्यासाठी मांडीचे व्यायाम हवेतच.