‘आंतरजातीय चालेल’, पण कंसात काय? सांगलीतील एका वधू-वर सूचक केंद्राचा अनुभव

तासगाव तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या माझ्या भाच्यासाठी आम्ही सांगलीतील एका वधू-वर सूचक केंद्रात नाव नोंदवले. मुलगा शेती करणारा आणि पस्तिशीकडे झुकलेला असला की स्वजातीतील स्थळे आटतात, हे आता या भागात घरोघरी दिसते. त्यामुळे केंद्रात आंतरजातीय स्थळांसाठी वेगळी नोंदवही आहे हे कळल्यावर बरे वाटले.

अर्जात जात, पोटजात, देवक, रास, नाडी असे सगळे रकाने भरून झाल्यावर शेवटी ‘आंतरजातीय चालेल’ यापुढे खूण करायची असते. आम्ही ती केली, तेव्हा टेबलापलीकडच्या बाईंनी आपणहून पेनाने कंसात ‘एससी, एसटी सोडून’ असे लिहिले आणि ‘सगळेच तसं लिहितात’ अशी पुस्तीही जोडली. भाच्याने तो कंस खोडायला लावला. तरीही पुढे आलेल्या याद्यांत त्या समाजांतले एकही स्थळ नव्हते. विचारले तर ‘उद्या भावकीत तुम्हालाच त्रास नको’ असे उत्तर मिळाले. भावकीची काळजी आमच्यावर सोपवली असती तरी चालले असते.

याच केंद्राच्या भिंतीवर शासनाच्या ५०,००० रुपयांच्या प्रोत्साहनपर अर्थसाहाय्याची माहिती ठळक अक्षरांत लावलेली आहे. ही रक्कम कोणत्याही दोन जातींतल्या लग्नाला मिळत नाही. वधू-वरांपैकी एक जण अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातील असावा लागतो. योजनेच्या यादीत ज्यांची नावे पहिली, त्यांनाच कंसात घालून बाजूला काढायचे आणि योजनेचा कागद मात्र गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा, हे मला पटले नाही.

कायद्याची माहिती मात्र येथे चोख मिळते. हिंदू-मुस्लिम जोडप्याला धर्म न बदलता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करता येते, त्यासाठी दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे, नोटीस प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात, हे तेथे नीट समजावून सांगतात. नोटीस कार्यालयात लागते, त्यामुळे बातमी घरी पोहोचण्याचा धोका याच महिन्यात असतो, हेही लपवत नाहीत.

फी वाजवी आहे. पत्रिका जुळवण्याचे पैसे वेगळे पडतात, ते नको असल्यास आधीच सांगावे. नाव नोंदवणाऱ्यांनी अर्जाची भरलेली प्रत मागून घ्यावी आणि शेवटच्या रकान्यात कोणी काही वाढवले आहे का, ते तिथेच पाहावे.